चेहरा टिकवायचा, तर फळी पक्की हवी

आमच्या चाळीत एक मुलगी राहते. वडील माथाडी कामगार, आई दोन घरची धुणीभांडी करते. शाळेत असताना मुलीने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि दोन्हीत पास झाली. तीन वर्षांपूर्वी तिची आजी वारली. पोरीला आजीनेच लहानाचे मोठे केले होते. पण घरात आजीचा धड एक फोटो नव्हता. होता तो मतदार ओळखपत्रावरचा, नखाएवढा. त्यावरून आजीचा मोठा चेहरा रंगवायचा, असे पोरीने ठरविले. बाजारात जाऊन तयार कॅनव्हासची किंमत विचारून आली आणि गप्प बसली.

पुढची चूक आमची. आमच्या कपाटाची पाठ नुकतीच बदलली होती. तिचा जुना हार्डबोर्ड जिन्याखाली पडला होता. "कॅनव्हास कशाला हवा? काढ यावर," असे आम्ही मोठ्या तोंडाने सांगितले. पोरीने फडक्याने धूळ पुसली आणि सरळ तैलरंग लावायला सुरुवात केली. चेहरा असा उतरला, की तिच्या आईने पदर डोळ्याला लावला. चित्र भिंतीवर लागले.

मग पावसाळा आला. भिंतीला ओल धरली. हार्डबोर्ड सुपासारखा वाकला. श्रावणात आजीच्या गालावरचा रंग पापुद्र्यापापुद्र्याने सुटू लागला. दसऱ्यापर्यंत डोळे तेवढे शाबूत राहिले. "काका, आजी पुन्हा गेली हो," असे ती म्हणाली, तेव्हा आम्हाला मान वर करवेना.

आमच्या मागच्या गल्लीत एक वयस्क पेंटरमामा राहतात. फ्लेक्स येण्यापूर्वी दुकानांच्या पाट्या, सभा-मिरवणुकांचे मोठे फलक प्लायवूडवर आणि पत्र्यावर त्यांच्याच हातचे असत. पोरीला घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चित्र पाहण्याआधी ते उलटे केले आणि पाठ पाहिली. म्हणाले, "पोरी, तुझ्या हाताला दोष नाही. फळी उपाशी होती. तिने तुझ्या रंगातले तेल पिऊन टाकले, मग रंगाला धरायला काही उरले नाही. आणि पाठ उघडी ठेवलीस. त्या बाजूने तिने पावसाचे पाणी प्याले, म्हणून वाकली."

या दोन वाक्यांत सगळे आले. त्यानंतर मामांनी शिकविले आणि आम्ही तिघांनी मिळून फळ्या तयार केल्या. घरात ज्यांची मुले चित्रे काढतात, त्या आईबापांसाठी ती सगळी रीत येथे देत आहोत.

फळी कोणती घ्यावी

सर्वांत चांगले प्लायवूड. ते पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवून केलेले असते, म्हणून साध्या लाकडाइतके फुगत-आकसत नाही. बारा इंच बाय सोळा इंचापर्यंतच्या चित्राला ६ मिलिमीटर जाडी पुरते. त्याहून मोठे काढायचे असेल तर १२ मिलिमीटर घ्यावी, किंवा पातळ प्लायला मागून लाकडी पट्ट्यांची चौकट लावावी.

फर्निचर करणाऱ्या मिस्त्रींकडे कापून उरलेले कटपीस पडलेले असतात. ओळखीने मागितले तर फुकटही मिळतात. अनेक मुलांसाठी एकदम करायचे असेल तर पूर्ण शीट घेणे परवडते. ८ फूट बाय ४ फुटांच्या एका शीटमधून बारा बाय सोळाच्या २४ फळ्या निघतात. करवतीच्या पात्यात थोडे लाकूड जाते, त्यामुळे प्रत्येक फळी किंचित लहान येते इतकेच. चार घरांनी मिळून एक शीट घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा फळ्या येतात.

हार्डबोर्ड स्वस्त असतो आणि एका बाजूने गुळगुळीत असतो. लहान चित्राला तो चालतो, पण मोठा तुकडा वाकतो. एमडीएफ सपाट आणि गुळगुळीत असतो, मात्र त्याच्या कडा पाणी शोषून फुगतात. तो घासताना उडणारी बारीक पूड छातीला वाईट, म्हणून नाकातोंडाला फडके बांधावे. भुशाचा दाबलेला पार्टिकल बोर्ड घेऊ नये, त्याचे कोपरे ढासळतात. फळांच्या खोक्याच्या फळ्यांवर लहान चित्र काढता येते, पण गाठी असलेली फळी टाळावी; गाठीतून राळ पाझरते आणि वरच्या रंगावर डाग उठतो.

जुना तुकडा घेतल्यास तो जमिनीवर आपटून पाहावा. पिठासारखा भुसा गळाला तर त्याला कीड लागली आहे असे समजावे. असा तुकडा घरात आणूच नये.

काय काय लागेल

रंगाच्या दुकानातून चॉक पावडर आणावी. फेव्हिकॉल, पाण्यात मिसळणारा पांढरा अक्रिलिक रंग, ८०, १२० आणि २२० नंबरचा काचपेपर, दोन इंची ब्रश आणि जुने सुती कापड एवढे साहित्य लागते. पांढरी रांगोळी वापरू नका, ती भरड असते. प्लास्टर ऑफ पॅरिसही नको. पाणी लागताच ते काही मिनिटांत डब्यातच घट्ट होते.

पूर्वी फेव्हिकॉलऐवजी सरस वापरीत. तो रात्रभर भिजवून, गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवीत. काम उत्तम होते, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात सरसाला बुरशी लवकर लागते. म्हणून मामांनी फेव्हिकॉलच बरा म्हटले.

फळी तयार करण्याची रीत

पहिले काम घासण्याचे. काचपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून धरावा, म्हणजे दाब सारखा पडतो. आधी ८० नंबर, मग १२० नंबर. कडा आणि कोपरे किंचित गोल करावेत, कारण धारदार कोपऱ्यावर रंग टिकत नाही. हे काम उघड्यावर करावे. नंतर ओल्या फडक्याने धूळ पुसून फळी वाळू द्यावी.

दुसरे काम फळीची तहान भागविण्याचे. एक वाटी फेव्हिकॉलमध्ये दोन वाट्या पाणी घालून ढवळावे आणि हे पाणी फळीला पुढून, मागून व चारही कडांना लावावे. कडा सर्वांत जास्त पितात, त्यांना दोनदा द्यावे. फळी आडवी न ठेवता उभी टेकवून वाळवावी, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते.

तिसरे काम कापड चिकटविण्याचे. प्लायच्या वरच्या पापुद्र्याला काही वर्षांनी बारीक चिरा पडतात आणि त्या रंगात उमटतात. कापड असले की त्या वर येत नाहीत. नव्या कापडात खळ असते आणि ते आकसते. अनेकदा धुतलेले जुने सुती कापडच चांगले, फक्त त्याचा रंग जाणारा नसावा. पोरीच्या आईने ट्रंकेतून आजीचे जुने सुती लुगडे काढून दिले. "बोहारणीला द्यायचे जिवावर आले होते," असे त्या म्हणाल्या.

फळीच्या चारही बाजूंनी एकेक इंच जास्त राहील असे कापड कापावे. फळीवर दाट फेव्हिकॉल सारखा पसरावा. कापड ठेवून तळहाताने मधून कडेकडे दाबत न्यावे, म्हणजे आत हवेचे फुगे राहत नाहीत. वाढीव कापड मागे वळवून चिकटवावे. एक दिवस पूर्ण वाळू द्यावे.

चौथे काम पांढऱ्या अस्तराचे. खरी मेहनत येथेच आहे. तीन वाट्या चॉक पावडर, एक वाटी फेव्हिकॉल, अर्धी वाटी पांढरा रंग आणि साधारण एक वाटी पाणी घ्यावे. पावडर आधी पाण्यात भिजवावी, मग फेव्हिकॉल आणि रंग घालावा. मिश्रण घावनाच्या पिठाइतके पातळ असावे. जुन्या कापडातून गाळून घ्यावे. एवढ्यात बारा बाय सोळाच्या चार फळ्या होतात.

पहिला हात आडवा द्यावा. तो वाळला की दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. असे पाच पातळ हात द्यावेत. एकच जाड थर देऊन काम उरकण्याचा मोह होतो, पण जाड थराला वाळताना भेगा पडतात. शेवटचा हात पूर्ण वाळल्यावर २२० नंबरचा काचपेपर हलक्या हाताने फिरवावा. फळी अंड्याच्या कवचासारखी दिसू लागते.

फळी जमली का, असे पाहा

ओले बोट फळीवर घासावे. बोटाला पांढरे लागले तर फेव्हिकॉल कमी पडला. अशा वेळी फेव्हिकॉलच्या पातळ पाण्याचा एक हात वरून द्यावा. नंतर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर फेव्हिकॉल जास्त झाला. त्यावर रंग घसरतो. मग काचपेपर फिरवून जास्त चॉकच्या मिश्रणाचा एक हात द्यावा.

अक्रिलिक रंगाला ही फळी अशीच चालते. तैलरंग वापरायचे असतील तर फेव्हिकॉलच्या अगदी पातळ पाण्याचा एक हात द्यावा आणि तीन-चार दिवस फळी वाळू द्यावी. हे केले नाही तर पहिल्या चित्रासारखे तेल पुन्हा खाली जाईल.

पाठ विसरू नका

लाकूड ज्या बाजूने ओल घेते ती बाजू फुगते आणि फळी दुसऱ्या बाजूला वाकते. म्हणून पुढे जेवढी काळजी घेतली, तेवढीच मागेही घ्यावी. मागे अस्तराचे दोन हात द्यावेत, किंवा दार-खिडकी रंगवून उरलेला तेलरंग लावावा. चित्र टांगताना मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे चिकटवावेत. चित्र भिंतीपासून थोडे सुटे राहते, मागून हवा खेळते आणि भिंतीची ओल फळीला लागत नाही. फळ्या करण्याचे काम होळीपासून मे अखेरपर्यंतच्या कोरड्या दिवसांत उरकावे.

थोरामोठ्यांची चित्रेही फळीवरच

फळीवर काढलेले चित्र म्हणजे गरिबाची तडजोड, असे कोणी मुलांना म्हटले तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये. लिओनार्दो दा विंचीची जगप्रसिद्ध मोनालिसा कापडावर नाही, पॉप्लर लाकडाच्या फळीवर आहे. त्या फळीची जाडी सुमारे १३ मिलिमीटर आहे. ती फळीही थोडी वाकलेली आहे आणि तिच्या वरच्या भागात एक चीर आहे. लाकडाचा स्वभाव पॅरिसमध्येही तोच! इटलीतले जुने चित्रकार फळीवर आधी कापड चिकटवीत आणि मग सरस व पांढऱ्या भुकटीचे थर देत. आमच्या चाळीत झाले ते याच रीतीने.

त्याच्याही आधीचे उदाहरण इजिप्तमधले आहे. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकात तेथे मृत माणसाचा चेहरा पातळ लाकडी फळीवर रंगवून त्याच्या देहावर ठेवीत. फायूम भागात अशी चित्रे पुष्कळ मिळाली, म्हणून त्यांना फायूमची चित्रे म्हणतात. सुमारे ९०० चित्रे आज माहीत आहेत. त्यातले पुष्कळ चेहरे राजाराण्यांचे नाहीत. कोणाची आई आहे, कोणाचा तरुण मुलगा आहे. त्यांतल्या बहुतेकांची नावेही उरली नाहीत, पण कोरड्या वाळूत त्या फळ्या टिकल्या आणि चेहरे आजही आपल्याकडे पाहतात.

आणि आपले अजिंठा? तेथील कलावंतांनीही उघड्या कातळावर रंग लावला नाही. आधी गवत, तूस घातलेल्या मातीचा गिलावा केला, वर चुन्याचा पातळ पांढरा थर दिला आणि मग रेघ काढली. पाया तयार झाल्याशिवाय चित्राला हात घालायचा नाही, ही शिस्त आपल्याला नवी नाही.

पोरीची दुसरी आजी

तयार फळीवर पोरीने पेन्सिलीने चौकटी आखल्या. ओळखपत्राच्या फोटोची मोठी झेरॉक्स काढून तीवरही तितक्याच चौकटी आखल्या आणि एकेक चौकट पाहत चेहरा उतरविला. मामा शेजारी बसून होते, पण ब्रशला त्यांनी हात लावला नाही. चित्र पूर्ण व्हायला दीड महिना लागला.

त्या चित्राने आता दोन पावसाळे काढले आहेत. फळी सपाट आहे आणि रंग कोठेही सुटलेला नाही. चाळीतल्या दोन घरांनी आपल्या वडीलधाऱ्यांचे फोटो तिच्याकडे आणून दिले आहेत. तिने दोघांनाही एकच अट घातली : फळी घरच्यांनी स्वतः करून द्यायची, पाचही हात देऊन. एका घरचे आजोबा अजून हयात आहेत. तेच ओट्यावर बसून स्वतःच्या चित्राची फळी घासत असतात.

पहिला हार्डबोर्ड पोरीने टाकून दिला नाही. डोळे तेवढे उरलेला तो तुकडा तिने कपाटात जपून ठेवला आहे. फळीला एखादा हात कमी द्यावासा वाटला की तो काढून पाहते, असे ती म्हणते. आम्हीही अधूनमधून तो मागून पाहतो.