धुळे शहर कसे वसले आणि त्यातून आपण काय घ्यावे



उसाच्या नोंदीसाठी गावोगाव फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "साहेब, पाट आमच्या बांधावरून जातो, पण पाणी आमच्यापर्यंत येत नाही. मग ऊस लावायचा कशाच्या भरवशावर?" याचे उत्तर शोधताना आम्हाला आपल्याच खानदेशातली एक जुनी हकिकत आठवली. ती आहे धुळे शहर वसल्याची.

आज बाजारहाटाला, दवाखान्याला आपण धुळ्याला जातो. तिथल्या सरळ, नंबरवार गल्ल्या पाहून हे शहर एकदा पार ओस पडले होते, हे खरे वाटत नाही. पण १८०३ साली होळकरांच्या फौजांची धामधूम आणि पाठोपाठ भयंकर दुष्काळ, यांनी धुळे उठले. माणूस राहिला नाही. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरचे बाळाजी बळवंत यांनी लोकांना परत आणून गाव वसवले. त्याबद्दल त्यांना इनामाची सनद मिळाली. पुढे सोनगीर आणि लळिंग या मुलखाचा कारभारही त्यांच्याकडे आला.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पहिला अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये जिल्ह्याच्या ठाण्यासाठी धुळे निवडले. त्या वेळी गाव केवढे? ४०१ घरे आणि २,५०९ माणसे! एका बाजूला पांझरा, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाट, मधे गाव. भोवताली बागायत, पण मुलखात पडीक रान, वाघांचा उपद्रव आणि वाटमारीचे भय. अशा जागी कोण व्यापारी येणार?

ब्रिग्जने नुसता हुकूम काढला नाही. घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली. पक्के घर बांधायला जुन्या रहिवाशांना आणि नव्या माणसांनाही उचल दिली. दूरदूरचे कारागीर आणून कचेऱ्या बांधल्या. म्हणजे आधी भरवसा दिला, मग माणसे आली. १८७२ च्या खानेसुमारीत वस्ती १२ हजारांवर गेली होती.

हेही सांगितले पाहिजे, की हा मुलूख मोकळा नव्हता. डोंगरातल्या भिल्ल बांधवांवर आधी फौजाच गेल्या. त्याने प्रश्न सुटला नाही. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी निघाली, जमीन, बैल, बियाण्यासाठी तगाई मिळू लागली, तेव्हा कुठे शांतता आली. बंदुकीपेक्षा नांगराने काम जास्त झाले.

फडाची शिस्त

गाव जागेवर वसते, पण टिकते पाण्यावर. पांझरेच्या काठी सरकार यायच्या कितीतरी आधीपासून फड पद्धत चालत होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या थळाचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. ऊस असेल तर सगळ्यांचा ऊस. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी झाले की एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा. त्यामुळे तोटा एकट्याच्या डोक्यावर बसत नसे. पाणी देणारा पाटकरी गावानेच नेमलेला. शेतकऱ्याने स्वतः दारे मोडायचे नाही. पाटाचा गाळ काढायला मात्र सगळे.

पाण्याचे दुसरे रूपही विसरू नका. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेला आणि गिरणेला एकाच वेळी महापूर आला. धुळ्याचे नुकसान झाले, आणि आपल्या भडगावातली शेकडो घरे वाहून गेली. दोन्ही गावे पुन्हा उभी राहिली, कारण माणसे जागा सोडून गेली नाहीत.

आपली चूक, आपला उपाय

आता मुद्द्याची गोष्ट. एका हंगामात आम्हीच पाण्याचा हिशेब न घालता पाटाच्या शेपटाकडच्या लागणी नोंदवून घेतल्या. वरच्या अंगाला ऊस वाढला, उन्हाळ्यात खाली पाणी पोचले नाही, आणि उभा ऊस वाळला. शेतकऱ्याचे बेणे गेले, खत गेले, वर्ष गेले. तो सभासद आज ऊस लावायचे नावही काढत नाही. त्याला दोष कसा द्यावा? भरवसा आम्ही दिला होता.

म्हणून आमची विनंती अशी:

१) एका चारीवरच्या सभासदांनी एकत्र बसून, पाणी किती मिळणार ते पाहून, मगच उसाचे क्षेत्र ठरवावे.

२) शक्यतो एकाच जातीची लागण एकाच पंधरवड्यात, सलग पट्ट्यात करावी. पाणी, तोडणी, वाहतूक सगळेच सोपे जाते.

३) पाळी शेपटाकडून सुरू करावी. वरच्याला पाणी चुकत नाही, खालच्याला मात्र चुकते.

४) पाणी तुटीचे दिसले तर सगळ्यांनीच थोडे थोडे क्षेत्र कमी करावे.

कारखान्याची चिमणी उसावर पेटते, आणि ऊस शेजाऱ्याच्या भरवशावर उभा राहतो. ओस पडलेले धुळे माणसांनी पुन्हा वसवले. आपल्याला तर फक्त एक चारी नीट चालवायची आहे. येत्या लागणीआधी आपल्या गटाची बैठक ठरवा आणि निरोप पाठवा, आम्ही वही घेऊन हजर राहू.

— ऊस विकास अधिकारी