पनवेल वाक
पनवेल वाक : कोकणच्या उत्तर भागातील दक्षिण ट्रॅप (बेसाल्ट) खडकांच्या थरांना आलेला, सामान्यतः उत्तर-दक्षिण दिशेत गेलेला वाक. नवी मुंबईलगतच्या पनवेलवरून जे. बी. ऑडेन या भूवैज्ञानिकांनी १९४९ मध्ये त्यास हे नाव दिले. मुंबईतील थर पश्चिमेकडे कललेले असल्याची नोंद मात्र एकोणिसाव्या शतकातच झाली होती.

स्वरूप : माथेरानच्या डोंगरात व घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या परिसरापासून पश्चिमेस त्यांचा कल (नती) वाढत जातो. मुंबई व साष्टी भागांत तो बहुधा ५° ते १५° असतो. मलबार टेकडीचा पूर्व उतार तीव्र व पश्चिम उतार सौम्य असण्याचे कारण हा कलच होय. लाव्हा मुळातच उतारावर थिजू शकतो; म्हणून केवळ त्याच्या कलावरून वाक सिद्ध होत नाही. परंतु बेडकांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेले वरळीचे शेलाचे थर संथ पाण्यात आडवे साचलेले असून तेही पश्चिमेकडे कललेले आहेत. यावरून हे थर मागाहून वाकले हे स्पष्ट होते.

कारण : भूकवच ताणले जाऊन भारताचा पश्चिम किनारा तयार झाला. एका मतानुसार किनाऱ्याकडील कवच खचताना थर वाकले. दुसऱ्या मतानुसार पूर्वेकडे उतरत्या व खोलवर सपाट होत जाणाऱ्या वक्र विभंगावरून खडकांचा ठोकळा घसरला आणि त्याचे थर विभंगाच्या बाजूस, म्हणजे पश्चिमेस, लवले.

काळ : वाकाचे वय थेट मोजता येत नाही, वाकलेल्या खडकाचे येते, आणि वाक त्याहून नंतरचा असतो. दक्षिण ट्रॅपचा बहुतेक लाव्हा सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला. साष्टीच्या वायव्येकडील डोंगरी येथील रायोलाइटाचे वय आर्गॉन पद्धतीने सु. ६.२५ कोटी वर्षे आले असून तोही कललेला आहे. म्हणजे तेथील कल मुख्य उद्रेकानंतर निदान ३५ लक्ष वर्षांनी आला. सेशेल्सचा भूखंड भारतापासून विलग झाला तो साधारण याच सुमारास. त्या बेटांवरील सु. ७५ कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट राजस्थानच्या वाळवंटातील मालानी अग्निज खडकांच्या जवळपासच्या काळातील आहे. एकेकाळी सलग असलेली ही भूमी दुभंगताना उरलेली खूण म्हणून पनवेल वाकास महत्त्व आहे.