फाळक्यामागचं धुकं

डिसेंबरातल्या पहाटे येवल्याच्या विंचूर चौफुलीवर उभं राहिलं, की ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. मग धुक्यातून दोन पिवळट दिवे, माकडटोपी घातलेला चालक, आणि शेवटी तो पुढे निघून गेल्यावर काळोखाचाच एक चौकोनी तुकडा मागून सरकत जातो. ती ट्रॉली. आत तीस-पस्तीस क्विंटल लाल कांदा, वर ताडपत्री, मागे लाल दिवा नाही.

अंधारात निघण्याची हौस कुणालाच नसते. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे भाव पाहून बाहेर काढता येतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो थांबत नाही. काढला की विकायचा. त्यात इथे खुल्या कांद्याचा लिलाव वाहनातच होतो, म्हणजे ट्रॉलीच रांगेत लावायची असते. येवला, अंदरसूल, नाहीतर थेट लासलगाव; नंबर लवकर लागावा म्हणून पहाटेच निघावं लागतं. याच दिवसांत ऊस कोपरगावकडच्या कारखान्यांकडे निघालेला असतो, तोही बऱ्याचदा एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून. नाशिक–छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड–अहिल्यानगर हे दोन्ही रस्ते येवल्यातच एकमेकांना छेदतात. त्यामुळे कांदा, ऊस, ट्रक आणि शिर्डीला निघालेल्या मोटारी एकाच अंधारात एकत्र येतात.

आणि नेमकं तेव्हाच धुकं असतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन ओली, एवढं जुळलं की रात्री जमिनीलगतची हवा गारठून तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं. शेजारच्या निफाडात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेला आहे. पालखेडच्या कालव्याला रब्बीचं आवर्तन सुटलं, की भरलेल्या रानांजवळच्या सखल रस्त्यावर धुक्याची पट्टी बसते. दोनशे मीटर स्वच्छ, पुढचे शंभर मीटर दूध. हा तुटक प्रकार सलग धुक्यापेक्षा वाईट, कारण मागचा मोटारवाला वेग कमी करतच नाही.

त्याचा हिशेब करून पाहा. ट्रॉली ताशी पंचवीस किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सात मीटर. मागची मोटार ऐंशीने, म्हणजे बावीस मीटर. दर सेकंदाला दोघांतलं अंतर पंधरा मीटरने आटतं. धुक्यात बिनदिव्याची ट्रॉली तीस मीटरवर दिसली, तर हातात दोन सेकंद उरले. त्यातला एक-दीड ‘समोर काहीतरी आहे’ हे कळण्यात आणि पाय ब्रेकवर नेण्यातच जातो.

म्हणून माझ्या मते हिवाळ्यात ट्रॉलीची काळजी हूकपासून नव्हे, फाळक्यापासून सुरू व्हावी. हंगामाच्या तोंडाशी रेडियम लावायच्या मोहिमा होतात, फोटो निघतात. रेडियम लागतंही. पण नंतर ताडपत्री मागे लोंबती सोडली, की ते तिच्याखाली गुडूप. उरलेल्यावर रानातला चिखल बसतो, त्यावर दव. ताडपत्री फाळक्याच्या आत खोचायची आणि निघताना रेडियमवरून ओलं फडकं फिरवायचं, एवढं काम. ऊस भरताना तर वाढे बाहेर लोंबून दिवे आणि पट्ट्या दोन्ही झाकतात. तिथे वाढ्यांच्या टोकाला वेगळं रेडियम बांधावं लागतं.

काहीजण ‘दिसावं म्हणून’ मडगार्डवरचा, नांगरटीसाठीचा पांढरा फोकस मागे तोंड करून चालू ठेवतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. मागच्याचे डोळे दिपतात, आणि धुक्यात पांढरा दिवा दिसला की समोरून कुणी येतंय असंच वाटतं. मागे लाल दिवाच हवा. पुढेही अप्पर लाइट नको. धुकं तो उजेड उलटा तोंडावर फेकतं. डिपरवरच चालावं.

आता ओढण्याबद्दल. ट्रॅक्टरचं वजन साधारण दोन टन, मागे भरलेली ट्रॉली त्याच्या दुपटीची, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नाही. ओढणारा हलका, ढकलणारा जड. दवाने ओल्या डांबरावर, त्यात कुणाच्या उसाचं पाचट किंवा चाकांचा चिखल सांडलेला असेल तर, जोरात ब्रेक दाबला की ट्रॅक्टरची चाकं थांबतात, ट्रॉली थांबत नाही. ती दांडीवरून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. त्यातून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात जागेवर वळायला. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावायची राहिली, तर पाय एकावरच पडतो आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. ही पट्टी बोटभर लांबीची असते. कित्येक ट्रॅक्टरांवर ती गंजून एका जागी बसलेली मी पाहिली आहे.

अंकाईकडच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे तर इंजिनची धरही सोडून देणं. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्यातच उतरावं. भरतानाही, ट्रॉली दोनचाकी असेल तर माल मागे लोटू नये. दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांची पकड जाते. फार पुढे लोटला तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. पिनला खालून खटका आहे ना, हे बॅटरीच्या उजेडात वाकून पाहावं. मोठ्याने गाणी लावली तर मागचा हॉर्न ऐकू येत नाही, हे मात्र अठरा वर्षांच्या पोराला सांगून पाहिलंय. उपयोग झाला नाही.

ट्रॉली पंक्चर झाली, तर शक्य तितकी डांबराखाली घ्यावी, आणि मागे पन्नास-साठ पावलांवर त्रिकोण ठेवावा. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड मांडतात, बाभळीची फांदी टाकतात. चाक बदलून झालं की गडी ट्रॉलीवर चढतात, ट्रॅक्टर निघतो. दगड तिथेच राहतात, आणि मागून एक मोटारसायकल येत असते.