अंगावरच्या दुधाकडून भलत्या अपेक्षा

स्तनपान सप्ताह झाला, फलक उतरले. ‘अंगावर पाजा, मूल पुढे लठ्ठ होणार नाही’ हे भाषणातलं वाक्य मात्र मागे राहिलं. आईचं दूध बाळाला जुलाब-न्यूमोनियापासून वाचवतं. त्याची बाजू घ्यायला एवढं पुरे. वजनाची हमी त्याच्या गळ्यात कशाला मारायची? बेलारूसमध्ये १९९६-९७ साली सतरा हजारांवर बाळं घेऊन प्रयोग झाला. काही प्रसूतिगृहांत स्तनपानाला जोरदार पाठबळ दिलं, तिथल्या आयांनी जास्त महिने पाजलंही. मुलं साडेअकरा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर लठ्ठपणा काही कमी नव्हता.

आपला घोळ वेगळा आहे आणि तो दाखवला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा १९९३ पासून त्यांनी चिकाटीनं मागोवा घेतला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. इथवर नवल नाही. पण फऱ्याखालची कातडी चिमट्यात धरून मोजली, तर तिथली चरबी जवळपास तेवढीच! दंड बारीक, पोट लहान, मांस कमी. चरबी तेवढी राखलेली. वजनकाट्याला हे कसं कळावं?

म्हणूनच माळशिरस तालुक्यासारख्या उसाच्या आणि दुधाच्या पट्ट्यात अडीच किलोचं बाळ घरी आलं की जी घाई सुरू होते, तिची मला धास्ती वाटते. ‘लेकराचं पोट भरंना, दावणीला गाय हाय की, पाज वरचं.’ आजी मायेनंच बोलते. पण गाईच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट. युरोपातल्या पाच देशांतल्या प्रयोगात जास्त प्रथिनांचं डब्याचं दूध प्यालेल्या मुलांत सहाव्या वर्षी लठ्ठपणा जास्त आढळला. वर आपण साखर घालतो आणि बाटली रिकामी होईस्तोवर सोडत नाही. अंगावरचं बाळ पोट भरलं की तोंड फिरवतं, आणि आईनं किती पाजलं ते मोजायला कुणी बसलेलं नसतं.

बारीक बाळाचं वजन वाढायला हवंच, पण ते सहा महिन्यांनंतर मऊ भात, घट्ट वरण, अंडं यांच्या जोरावर. चहात बुडवलेल्या बिस्किटावर नव्हे. दिल्लीतल्या २००४ च्या अभ्यासात तिशीच्या आसपास ज्यांची रक्तातली साखर बिघडली, ते दोन वर्षांपर्यंत बारीकच होते आणि पुढे अंगानं सुटत गेले होते.

अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजतात. नुसत्या वजनावरून चरबी कळत नाही, म्हणून सेविकेला आधी उंची विचारा, वजन मागून.