ऋणाचे प्रकार आणि व्यक्तीची पत

ऋण आणि पत ह्या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असा सामान्य समज आढळतो. वस्तुतः ज्याने कधी कर्ज घेतलेच नाही, त्याच्या परतफेडीचा पुरावाही उपलब्ध नसतो. पत ठरते ती केवळ ऋणाच्या रकमेवरून नव्हे, तर त्याच्या स्वरूपावरून आणि नोंदीवरून.

भारतात पतमाहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्यान्वये बँकांना कर्जदारांची माहिती अशा कंपन्यांकडे द्यावी लागते. तीवरून ३०० ते ९०० ह्या दरम्यानचा पतांक काढला जातो. गृहकर्ज हे तारणी व दीर्घ मुदतीचे असते. हप्ते नियमित भरल्यास पत वाढण्यास ते पोषक ठरते. क्रेडिट कार्डावरील ऋण विनातारण व फिरते असते. तेथे मंजूर मर्यादेपैकी किती भाग वापरला, ह्यासही महत्त्व येते. मर्यादेलगतची उचल, एकही देय न चुकता, पतांक उणावू शकते. दुसऱ्यास जामीन राहणे हेही संभाव्य ऋणच होय; मूळ ऋणकोने कर्ज थकविल्यास जामीनदाराच्या पतीचीही हानी होते.

नोंद नसलेले ऋण मात्र ह्या हिशेबाबाहेर राहते. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांचे, तर केवळ ३ टक्के सहकारी संस्थांचे आढळले होते. ते प्रमाण आज पालटले आहे. तथापि सावकाराचे देणे कितीही निष्ठेने फेडले, तरी पतांकात ते उमटत नाही. सबब पतांक नसणे म्हणजे पत नसणे नव्हे, हा भेद कर्ज देणाऱ्याने व अभ्यासकाने सारखाच ध्यानी ठेवला पाहिजे.