पूर्ण झालेल्या कामाचे अभिलेखन व शोध

समजा मुलुंड येथील एक जुनी सदनिका आपणांस विकत घ्यावयाची आहे. तिचे पूर्वीचे व्यवहार कोणाला विचारावेत? दस्त नोंदविणारे अधिकारी बदललेले असतात. पक्षकार हयात असतीलच असे नाही.

मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके असून (मुलुंड कुर्ल्यात येते) दस्तनोंदणीचे काम अनेक दुय्यम निबंधक कार्यालयांत विभागलेले आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५५ नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांची सूची क्रमांक १ पक्षकारांच्या नावांवरून, तर सूची क्रमांक २ मिळकतीच्या तपशिलावरून तयार होते. कलम ५७ नुसार शुल्क भरून या सूची कोणालाही पाहता येतात.

अनेक संगणकांवर काम वाटून देणाऱ्या ‘हडूप’ या प्रणालीपुढेही हाच प्रश्न असतो. तेथे प्रत्येक कामाचा एक नियंत्रक असतो व काम संपताच तो बंद होतो. म्हणून कामाचा वृत्तान्त सामायिक साठ्यात ठेवला जातो आणि ‘जॉब हिस्टरी सर्व्हर’ हा स्वतंत्र घटक कामाच्या क्रमांकावरून तो शोधून दाखवितो.

दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे : नोंद काम करणाऱ्यापासून स्वतंत्र हवी आणि तिला सूची हवी. मर्यादाही एकच आहे. जे नोंदविलेच गेले नाही, ते शोधात सापडत नाही. म्हणून सूचीत बोजा आढळला नाही, एवढ्यावरून मिळकत निर्वेध आहे असा निष्कर्ष आपण काढू नये.