खोडवा पिवळा पडतो, दोष पाचटाचा नव्हे



पाचट सरीत ठेवले आणि महिन्याभरात खोडवा पिवळा पडला, की सभासद गट ऑफिसात येऊन आम्हालाच धरतात, "साहेब, तुमचं ऐकून पाचट ठेवलं. पेटवलं असतं तर बरं झालं असतं!" त्यांचा राग आम्हाला समजतो. पण दोष पाचटाचा नव्हे, नत्राचा हिशेब चुकल्याचा आहे.

एका एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात सुमारे 9 लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असेल तर तीत साधारण 450 किलो नत्र असतो. मात्र तो सेंद्रिय पदार्थात बांधलेला. मुळांना तसाच घेता येत नाही. कणगी भरलेली असली तरी दळल्याशिवाय भाकरी नाही, तसेच हे. दळणाचे काम जिवाणूंचे. ते सेंद्रिय पदार्थ कुजवून नत्र अमोनियमच्या रूपात मोकळा करतात, पुढे दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ही दोन्ही रूपे ऊस घेतो. वर्षाकाठी शेकडा दोन-तीनच नत्र असा सुटतो, म्हणजे युरियाच्या साधारण अर्ध्या पोत्याइतका. वाफसा असला की दळण जोरात चालते. पाणी साचले की मंदावते, शिवाय तयार नायट्रेटही वायू होऊन उडून जाते.

आता पाचटाकडे वळू. त्यात एक भाग नत्रामागे कर्ब 80 ते 100 भाग. एवढा कर्ब पचवायला जिवाणूंना पाचटातला नत्र पुरत नाही. मग ते जमिनीतला आणि तुम्ही टाकलेला नत्र खातात. हा नत्र बुडत नाही, उसना गेलेला असतो. पाचट कुजले की हळूहळू परत मिळतो. पण तोवर फुटवे उपाशी राहतात, त्याचे काय?

म्हणून जिवाणूंचा वाटा आधीच द्यावा. बुडखे छाटून झाल्यावर दर टन पाचटास 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकून लगेच पाणी द्यावे. एकरी तीन-चार टन पाचट धरावे. खोडव्याचा खताचा हप्ता यातून वजा करू नये. तो पहारीने बुडाशी द्यावा.

पाचट पेटवले तर त्यातला बहुतेक नत्र धुरावाटे जातो, तो उसना नव्हे, कायमचा. तेव्हा काडी ओढण्याआधी निदान अर्ध्या एकरात हे करून पाहा आणि गट ऑफिसात येऊन आम्हाला सांगा.

— शेतकी विभाग